ऑपरेशनआधी आजोबांना चालायला सांगा

मुतखड्याचं ऑपरेशन ठरलं की घरात दोन गोष्टींची चौकशी होते: खडा किती मिलिमीटरचा आणि खर्च किती. पेशंटच्या अंगात ऑपरेशन सोसायची ताकद किती, हे सहसा कुणी विचारत नाही. ‘दुर्बिणीनंच तर करायचंय’ म्हणून सगळे निर्धास्त असतात.

पण पाठीतून छिद्र पाडून मोठा खडा काढताना रक्तस्राव होऊ शकतो. खड्यात दडलेले जंतू तो फोडताना रक्तात गेले तर काही तासांत रक्तदाब कोसळतो. धडधाकट माणूस यातून सावरतो, खंगलेल्याला ते फार जड जातं. नुसतं वय पाहून हे कळत नाही. पंचाहत्तरीतही रोज शेतात जाणाऱ्या आजी निभावून नेतील, आणि साठीतला, जिन्याच्या चार पायऱ्यांत दमणारा मधुमेही अडचणीत येईल.

अमेरिकेत २००१ साली लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी या खंगण्याच्या पाच खुणा सांगितल्या: वर्षभरात विनाकारण साडेचार किलोंहून जास्त वजन घटणं, सततचा थकवा, हाताची पकड ढिली पडणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. यांतल्या तीन दिसल्या तर माणूस खंगलेला समजावा. घरी एक करून पाहा. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. काठी लागत असेल तर घेऊ द्या, पण सोबत कुणीतरी राहा. बारा सेकंदांहून जास्त लागले तर डॉक्टरांना सांगा. ईसीजी आणि शुगरच्या कागदांवर मिळालेल्या ‘फिटनेस’मध्ये हे बहुधा येतच नाही.

सांगितलं म्हणून ऑपरेशन रद्दच होईल असं नाही. लघवीचं कल्चर करून आधी जंतुसंसर्ग आटोक्यात आणता येतो, काही आठवडे आहार आणि व्यायामाला देता येतात, मोठा खडा दोन टप्प्यांत काढता येतो, आयसीयूतली खाट आधीच राखून ठेवता येते. छोटा, न दुखणारा खडा असेल तर नुसतं लक्ष ठेवणंही चालतं. जाताना गोळ्यांची पिशवी न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

आणि कुशीत कळ येऊन थंडीताप भरला तर चालण्याबिलण्याची परीक्षा घेत बसू नका. अडलेली लघवी आधी नळी घालून मोकळी करावी लागते. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.