परत बोलावलेलें अन्न

प्रवासाला निघतांना शिदोरी बांधून घेण्याची रीत आपल्या बीड जिल्ह्यांत अजून आहे. परंतु शिदोरीच्या फडक्याशेजारीं आतां रंगीत पुड्याहि दिसूं लागल्या आहेत. ऊसतोडीसाठीं घर सोडणाऱ्या कुटुंबांतील मूल असो कीं शहरांतील सुखवस्तु घरांतील, दोघांच्या हातीं तीच पुडी असते. घरची भाकरी कोणीं थापली, हें आपणांस ठाऊक असतें. पुडींतला पदार्थ कोणीं, कोठें व कशापासून केला, हें ठाऊक नसतें. त्या अज्ञात हाताबद्दल जामीन राहणें हें सरकारचें काम होय.

हें काम किती नाजूक आहे, तें मॅगीच्या प्रकरणानें दाखवून दिलें. सन २०१४ मध्यें उत्तर प्रदेशांतील बाराबंकी येथें या शेवयांचा एक नमुना घेण्यांत आला. त्यांत शिसें दहा लक्ष भागांत १७.२ भाग असल्याचें कोलकात्याच्या प्रयोगशाळेनें कळविलें. कायद्याची मर्यादा २.५ भागांची होती. शिसें शरीरांत हळूहळू सांचतें व मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करतें. म्हणून ता. ५ जून २०१५ रोजीं केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें नऊ प्रकारचा माल बाजारांतून परत घेण्याचा हुकूम सोडला. महाराष्ट्र सरकारनेंहि बंदी घातली. २५,००० टनांहून अधिक माल परत गोळा झाला व बहुतेक सिमेंटच्या भट्ट्यांत जाळला गेला.

नेस्ले कंपनीनें मुंबई उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. ता. १३ ऑगस्ट २०१५ रोजीं न्या. कानडे व न्या. कुलाबावाला यांनीं दोन्ही हुकूम रद्द केले. कंपनीस आपली बाजू मांडण्याची संधि मिळाली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांवर सरकार विसंबलें त्यांना आवश्यक ती मान्यता नव्हती, अशीं कारणें न्यायालयानें दिलीं. तथापि विक्रीची मोकळीक लगेच दिली नाहीं. मोहाली, जयपूर व हैदराबाद येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करविली. शिसें मर्यादेच्या आंत निघालें व नोव्हेंबरांत विक्री पुन्हा सुरू झाली.

“मुलांच्या जिवाचा प्रश्न असतां सुनावणी कसली?” असें कोणी पालक विचारतील. त्यांची कळकळ खरी आहे. संशय येतांच माल तूर्त थांबवावा, याविषयीं दुमत नसावें. पण थांबविणें वेगळें आणि दोषी ठरविणें वेगळें. खोटा कांटा आज निर्दोष मालास दोषी ठरवील, तर उद्यां विषारी मालास निर्दोष ठरवील. आणि ती दुसरी चूक मुलांच्याच पोटांत जाईल. म्हणून न्यायालयाचा आग्रह केवळ कंपनीच्या हिताचा होता, असें मला वाटत नाहीं. व्यापाऱ्याचें वजन तपासणाऱ्यानें आपलें वजन आधीं पारखून घ्यावें, हा साधा न्याय आहे.

परंतु हुकूम बिनचूक असला तरी तो शेवटच्या दुकानापर्यंत पोंचला पाहिजे. माल परत घेण्याविषयींचे नियम सन २०१७ मध्यें झाले. सदोष माल ओळखावयाचा तो वेष्टनावरील बॅच क्रमांकावरून, आणि तो कोठें गेला हें शोधावयाचें विक्रीच्या नोंदींवरून. वाडीवस्तीवरील दुकानदारानें पावतीवांचून माल आणला, तर त्याच्या फळीवरील पुडीचा माग कोण काढणार? मोठ्या शहरांत परत गेलेलें अन्न आपल्या गांवीं विकलें जात राहिलें, तर त्या हुकुमाचा आपणांस काय उपयोग?

येथें विद्यार्थ्यांचें कर्तव्य सुरू होतें. पावती मागावी. पुडीवरील तारीख, बॅच क्रमांक व चौदा आंकडी परवाना क्रमांक पाहावा. आणि ज्या आईस किंवा आजीस तें वाचतां येत नाहीं, तिला तें वाचून दाखवावें. सन २००६ च्या कायद्यानें तर कोणाहि गिऱ्हाइकास, खरेदीच्या वेळीं दुकानदारास तसें सांगून व शुल्क भरून, पदार्थाची तपासणी करवून घेण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क वापरणारीं माणसें गांवोगांवीं निघालीं, तर सरकारी निरीक्षकासहि आपलें काम टाळतां येणार नाहीं. शाळेंत आपण अक्षरें शिकलों तीं केवळ परीक्षेपुरतीं नव्हेत; घरांतील धाकट्या भावंडाच्या हातांतील पुडी वाचण्यासाठींहि तीं आहेत.