निवड कोणाची, दोष कोणाचा?

जॅमच्या २४ बाटल्यांची गोष्ट आता जगभर सांगून झाली आहे. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्कच्या एका उंची किराणा दुकानात शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी एकदा २४ प्रकारचे जॅम चाखायला मांडले, एकदा फक्त ६. चोवीसांच्या टेबलाशी गर्दी जास्त जमली, पण थांबलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी बाटली घेतली. सहांच्या टेबलाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी. हा निबंध २००० सालचा. २००४ मध्ये बॅरी श्वार्ट्झ यांचे ‘द पॅराडॉक्स ऑफ चॉइस’ आले, २०१० मध्ये अय्यंगार यांचे ‘द आर्ट ऑफ चूझिंग’, आणि फार पर्याय असणे हेही एक दुःख आहे हा विचार रूढ झाला. (पुढे इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा कुठे हा परिणाम दिसला, कुठे मुळीच दिसला नाही. जॅमची गोष्ट सांगणारे एवढे मात्र गाळतात.)

ही पोट भरलेल्यांची रडगाणी आहेत, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. मला ते पुरते पटत नाही. माझी उमेद बँकेत गेली. ऐंशीच्या दशकात मध्यमवर्गीय गृहस्थ पैसा ठेवायचा तो मुदत ठेवीत, पोस्टात, नाहीतर युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’मध्ये. २००१ च्या जुलैत त्या योजनेची पुनर्खरेदी थांबली तेव्हा त्याने युनिट ट्रस्टला आणि सरकारला शिव्या घातल्या, स्वतःला नव्हे. आणि सरकारला पुढे मदतीला धावावे लागले. आज त्याचा मुलगा शेकडो म्युच्युअल फंडांतून एक निवडतो. तो आपटला तर ‘तुम्हीच निवडला होता’ हे उत्तर छापील अटींत आधीच तयार असते. पर्याय वाढले तसा दोषही आपल्या खात्यावर वर्ग झाला. श्वार्ट्झ यांच्या पुस्तकातला कामाचा मुद्दा हाच आहे. जीन्सच्या दुकानातली त्यांची फजिती वाचून हसलो की विसरून जावी.

अय्यंगार आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे ८ लाख नोकरदारांच्या निवृत्ती योजनांचे आकडे तपासले. दोनच फंड होते तिथे सुमारे ७५ टक्के लोक योजनेत आले. ५९ फंड होते तिथे सुमारे ६१ टक्के. आपल्याकडे तर दोनच पर्यायांनी माणसे अडली. १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना विचारले गेले, की एनपीएसमध्येच राहायचे, की २५ वर्षांच्या सेवेनंतर सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी देणारी एकीकृत निवृत्तिवेतन योजना घ्यायची? मुदत होती ३० जूनची. ती सप्टेंबरअखेर गेली, मग नोव्हेंबरअखेर. चूक झाली की नाही हे जिथे वीस-पंचवीस वर्षांनी कळणार, तिथे दोनसुद्धा फार होतात.

आता दुसरे टोक. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. यमूला लग्न विचारून नाही, वैधव्य तर नाहीच, केशवपनही सक्तीचे. निवड तिची कधी नव्हती. तरी त्या काळी ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून बोल लागायचा तो बाईलाच! व्हिक्टर फ्रँकल यांनी छळछावणीतून सुटल्यावर लिहिले, की सगळे काढून घेतले तरी आपली वृत्ती निवडण्याचे स्वातंत्र्य उरते. ते त्यांनी म्हणावे, तो त्यांचा हक्क. शंकरमामंजींनी यमूला ते ऐकवू नये. हल्ली मात्र असल्या वचनांचे तक्ते कचेऱ्यांत लावतात ते बहुधा मामंजीच.

मग ठरवणे दुसऱ्यावर सोपवावे का? अय्यंगार यांच्या पुस्तकात एक भाग आहे, तो मी दोनदा बाजूला ठेवून वाचला. मरणाच्या दारातल्या तान्ह्या बाळांचे कृत्रिम श्वसन थांबवायचे की नाही, हे फ्रान्समध्ये पालकांनी हरकत घेतली नाही तर डॉक्टर ठरवतात. अमेरिकेत पालकांना ठरवावे लागते. काही महिन्यांनी दोघांशी बोलणे झाले. फ्रेंच आईबाप शोकात होते, पण अमेरिकनांइतके आतून पोखरलेले नव्हते. आणि तरी, डॉक्टरांनीच ठरवायला हवे होते का, या प्रश्नाला अमेरिकन आईबापांनी नाही असेच उत्तर दिले.

आपल्या अतिदक्षता विभागाबाहेर हा प्रश्न बहुधा थोरल्या मुलाच्या वाट्याला येतो, तोही बिलाचा आकडा खिशात घेऊन, मागे उभ्या भावंडांच्या नजरा झेलत. त्याने हो म्हटले तर बापाला मारले, नाही म्हटले तर हाल केले. वास्तविक अशा वेळी काय करावे हे आधीच लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मुभा दिली आणि २०२३ मध्ये ती पद्धत बरीच सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. वारसाचे नाव आपण खाते उघडतानाच लावतो. हा कागद आपल्या ओळखीत किती जणांनी करून ठेवला आहे?