बरं वाटतंय म्हणून गोळी बंद?

‘डॉक्टर, आता काहीच त्रास नाही, मग गोळी कशाला?’ क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. त्याचे उत्तर पेशीच्या आत आहे.

पेशीने कधी वाढायचे, कधी थांबायचे हे निरोप प्रथिनांमार्फत पोचतात. त्यांतली कायनेज नावाची प्रथिने दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडतात आणि निरोप पुढे जातो. काम झाले की कायनेज शांत होते. या आजारात मात्र रक्त तयार करणाऱ्या पेशीतल्या नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये ती दाखवून दिली. त्या जोडातून ‘बीसीआर-एबीएल’ हे कायनेज बनते आणि ते थांबतच नाही. दाराच्या बेलचे बटण अडकून बसावे, तसे. पांढऱ्या पेशी वाढतच राहतात.

इमॅटिनिब ही गोळी त्या कायनेजच्या नेमक्या खाचेत जाऊन बसते. बेल थांबते, पण अडकलेले बटण तसेच राहते. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी गोळी रोज घ्यायची. काही निवडक रुग्णांत बरीच वर्षे उत्तम नियंत्रण राहिल्यावर आम्ही ती थांबवून पाहतो. पण तेही वारंवार पीसीआर तपासणी करत. स्वतःच्या मनाने नव्हे.

दोष मात्र नेहमी रुग्णाचाच नसतो. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या सुधारित रूपाला पेटंट नाकारले आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. औषध आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आहे. तरीही सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर ‘स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या’ हे ऐकू येतेच. रोजंदारीवरचा माणूस एका गोळीच्या पाकिटासाठी दोनदा मजुरी बुडवतो. तिसऱ्यांदा येत नाही. आणि केसपेपरवर आम्ही लिहितो, ‘रुग्णाने उपचार सोडले’!

माझ्या मते, आजार आटोक्यात असलेल्या रुग्णाला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला हव्यात. तपासणी तशीही साधारण तीन महिन्यांनीच असते. साठा संपायच्या आधी मागणी नोंदवणे हेही उपचारच आहेत. ते कारकुनी काम म्हणून सोडून देणे आम्हा डॉक्टरांनी बंद केले पाहिजे.