दलदलीतील शेजारी

कोलकात्यातील एखाद्या विद्यार्थ्यास सिंह कोठे राहतो असे विचारले, तर तो गीरचे किंवा आफ्रिकेचे नाव चटकन सांगेल. अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयाची दारे इ. स. १८७६ मध्ये उघडल्यापासून दूरदेशीचे प्राणी त्या नगरीच्या परिचयाचे झाले आहेत. परंतु आसपासच्या दलदलीत रात्री मासे धरणारे रानटी मांजर कोणते, या प्रश्नास तोच विद्यार्थी बहुधा निरुत्तर होईल.

बंगाली लोक या मांजरास ‘बाघरोल’ म्हणतात. पश्चिम बंगालने त्यास राज्यप्राण्याचा मान दिला आहे. त्याच्या बोटांमध्ये अर्धवट पडदा असतो. आतील केस दाट असल्यामुळे पाणी त्वचेपर्यंत सहजी पोहोचत नाही. पाणकणसाच्या दाटीत ते आसरा घेते आणि रात्री काठाशी दबा धरून बसते. ही दाटी कापली व तळे बुजविले, म्हणजे त्याचा निवारा आणि अन्न ही दोन्ही एकदमच जातात. अंगावरील ठिपक्यांमुळे लोक त्यास बिबट्याचे पिल्लू समजतात आणि या गैरसमजापायी त्याचा जीवही घेतला गेला आहे. तेव्हा अज्ञानाने होणारी हानी केवळ परीक्षेतील गुणांची नव्हे.

नगराच्या पूर्वेकडील खाऱ्या सरोवरांचा इतिहासही हेच सांगतो. १९६२ पासून हुगळीतील गाळ आणून तेथील पाणथळ बुजविण्यात येऊ लागली व त्या जागी बिधाननगर वसले. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ मध्ये याच शहरात स्थापन झाली होती. तरीही या दलदलीतील मुंगसाचे निराळी जाती म्हणून वर्णन प्रसिद्ध झाले ते १९६५ मध्ये. पुढे तज्ज्ञांनी त्याची गणना लहान भारतीय मुंगसातच केली. हा वाद बाजूस ठेवला, तरी घर मोडू लागल्यानंतर घरात कोण राहते याची चौकशी झाली, हे विसरता येत नाही.

शहरास घरे हवीत, हे खरेच. परंतु म्हणून पाणथळीस पडीक जमीन समजणे योग्य नव्हे. कोलकात्याचे सांडपाणी पूर्वेकडील तळ्यांत सोडले जाते. तेथे सूर्यप्रकाश व सूक्ष्म वनस्पती यांच्या योगाने ते शुद्ध होते आणि त्यावर मासे पोसले जातात. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या क्षेत्रास २००२ मध्ये, पाणथळ भूमीच्या रक्षणार्थ झालेल्या रामसर करारान्वये, आंतरराष्ट्रीय महत्त्व लाभले. जी भूमी नगरवासीयांच्या ताटात मासा वाढते, तीच मुंगसासारख्या वन्य जीवांनाही थारा देते.

यास्तव प्राणिशास्त्राचा पहिला धडा शाळेनजीकच्या तळ्याकाठी किंवा ओढ्याकाठी व्हावा. मराठी विद्यार्थ्यासही त्यासाठी दूर जावयास नको. मुंबईच्या तिवरांच्या रानात आजही कोल्हे राहतात. शिक्षकांसमवेत जाऊन, प्राण्यांस न छेडता, जाणत्या कोळ्यांस व शेतकऱ्यांस विचारून पाऊलखुणा, विष्ठा, बिळे यांची दिनांकासह नोंद करावी. ग्रंथालयाने ती वही इतर ग्रंथांइतक्याच आस्थेने जतन करावी. उद्या तळे बुजविण्याचा प्रस्ताव पुढे आला, तर तेथे कोण राहत होते हे सांगणारा एक तरी कागद गावाजवळ असेल.