एक क्रियापद आणि आपला इन्साफ

हजरत ईसा (अ.) यांच्याबद्दल ख्रिस्ती आणि मुस्लिम माणसे बोलायला बसली की एक ग्रीक क्रियापद हमखास मध्ये येते: प्रोस्कुनेओ. त्याचा मूळ अर्थ कोणापुढे वाकणे, पालथे पडणे. चुंबन घेणे या अर्थाचे क्रियापद त्याच्या पोटात आहे. १६११च्या इंग्रजी बायबलात त्यासाठी ‘वर्शिप’ आले, म्हणजे पूजा. मराठी बायबलात बऱ्याच ठिकाणी ‘नमन’ आहे. एकाच शब्दावर दोन वेगळी मते उभी राहतात ती इथूनच.

आपले वक्ते सांगतात, हा शब्द माणसांसाठीही वापरला आहे. ते खरे आहे. तौरातच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हजरत इब्राहीम (अ.) बीबी सारा यांच्या कबरीसाठी जमीन मागताना हेथी लोकांपुढे वाकतात, तिथे हेच क्रियापद आहे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात कर्जबाजारी नोकर धन्यापुढे पडतो, तिथेही हेच. पहिल्या इतिहासाच्या २९व्या अध्यायात तर लोक परमेश्वराला आणि राजा दाऊद यांना एकाच वेळी नमन करतात आणि क्रियापद दोघांसाठी एकच आहे.

पण एवढ्यावर ‘म्हणजे तो फक्त आदरच’ म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. कर्नेल्य पेत्राच्या पाया पडतो, तेव्हा पेत्र त्याला उठवतो आणि मीही माणूसच आहे असे सांगतो. प्रकटीकरणात फरिश्ता असेच वाकणे नाकारतो आणि देवालाच नमन करायला सांगतो. या जागी तेच क्रियापद इबादतीच्या अर्थाने घेतल्याशिवाय वाक्याचा अर्थच लागत नाही. म्हणून शब्दकोश उघडून ना आपला दावा सिद्ध होतो, ना त्यांचा. कोण कोणापुढे, कशासाठी वाकले, हे त्या त्या ठिकाणी पाहावे लागते.

आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. कुरआनात फरिश्ते हजरत आदम (अ.) यांना सजदा करतात, हजरत यूसुफ (अ.) यांच्यापुढे घरचे लोक सजद्यात जातात. कोणी म्हणाले, ‘बघा, कुरआनात माणसाची पूजा आहे’, तर आपण लगेच सांगतो की तो ताजीमचा सजदा होता, इबादतीचा नव्हे, आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या शरीअतीत तोही अल्लाहखेरीज कोणाला नाही. म्हणजे आपल्या ग्रंथासाठी आपण संदर्भ मागतो. मग दुसऱ्याच्या ग्रंथासाठी एका शब्दावर निकाल का द्यावा?

वर्गात मुले ‘दंडवत’चा अर्थ विचारतात, तेव्हा मी आधी विचारतो, कुठल्या वाक्यात? पत्राच्या शेवटी आलेला दंडवत आणि देवळातला दंडवत एक नसतो.

हजरत ईसा (अ.) अल्लाहचे बंदे आणि रसूल आहेत, हा माझा ईमान आहे. तो कुरआनावर उभा आहे, एका ग्रीक क्रियापदावर नाही. म्हणूनच त्या क्रियापदाशी प्रामाणिक राहायला मला भीती वाटत नाही. कोणाशी वैर असले तरी इन्साफ सोडू नका, हा हुकूम आपल्यालाच आहे. शेजाऱ्याचा ग्रंथ वाचतानाही तो लागू होतो.