एक मीटर, एक मिनिट

या अंकापासून आमच्या परीक्षण विभागाचा क्रम बदलत आहे. वाफेच्या इंजिनाचे नवे मॉडेल हाती आले की त्याचे परीक्षण यापुढे चालीपासून सुरू होईल. रंग, रिव्हेट, कॅबमधली उपकरणे, नंबरप्लेटची अक्षरे हे सारे त्यानंतर. चालीच्या कसोटीला न उतरणाऱ्या इंजिनाच्या रंगकामाची स्तुती या पानांवर छापली जाणार नाही. काही वाचकांना हे कठोर वाटेल. छंद म्हणून जे करायचे त्यात एवढी शिस्त कशाला, असेही विचारले जाईल. म्हणून आमची भूमिका सविस्तर मांडतो.

डिझेल इंजिनाचे सगळे काम पत्र्याआड चालते. वाफेचे इंजिन मात्र उघड्यावर राबते. पिस्टन रॉड, क्रॉसहेड, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह गिअर, सगळे बघणाऱ्याच्या समोर. दौंडला किंवा मनमाडला ज्यांनी भारतीय रेल्वेची डब्ल्यूपी फलाटावरून सुटताना पाहिली आहे, त्यांना तिच्या चाकांचे पहिले दोन-तीन फेरे अजून आठवत असतील. चाक अगदी सावकाश फिरते, रॉड वर जातो, क्षणभर रेंगाळल्यासारखा वाटतो आणि खाली येतो. इंजिन थांबलेले असताना अप्रतिम दिसणारे मॉडेल सुटताना हिसका देत असेल, तर त्याने डब्ल्यूपीचा आकार घेतला आहे, डब्ल्यूपी घेतलेली नाही.

खऱ्या वाफेवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांच्या मंडळींनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सोडवला. इंग्लंडमध्ये ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कर्ली लॉरेन्स यांचे म्हणणे होते, की अडीच इंच गेजच्या इंजिनालाही मोठ्या इंजिनासारखा कोळशावरचा बॉयलर देता येतो, आणि असे इंजिन माणसाला ओढू शकते. त्या काळातल्या नामवंत रचनाकारांना आणि विक्रेत्यांना ते मान्य नव्हते. स्पिरिटवरचा बॉयलर एवढ्या आकाराला पुरे, असे ते मानत. ‘मॉडेल इंजिनिअर’ नियतकालिकाच्या पानांवर वाद पुष्कळ रंगला. त्याचा निकाल मात्र लेखांनी लागला नाही. १९२४ मध्ये लॉरेन्स यांची ‘आयेशा’ रुळांवर उतरली आणि तिने माणसे ओढून दाखवली. पुढे १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये याच परंपरेत एक वार्षिक स्पर्धा सुरू झाली. तिच्यात इंजिनाने किती कोळशात किती काम ओढून काढले एवढेच मोजतात. इंजिन किती देखणे आहे याला तिथे गुण नाहीत. विजेवर चालणाऱ्या मॉडेलांच्या आपल्या शाखेत अशी सर्वमान्य कसोटी रुजली नाही. त्यामुळे ‘छान चालते’ या दोन शब्दांत वाटेल ते खपून जाते.

आम्ही निवडलेली कसोटी साधी आहे. इंजिनाने एक मीटर सरळ रूळ एका मिनिटात पार करायचा, न थांबता, न अडखळता, बोट न लावता. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात हा वेग खऱ्या इंजिनाच्या ताशी सुमारे ५.२ किलोमीटरांइतका होतो, ओओच्या १:७६ मध्ये ताशी सुमारे ४.६ किलोमीटरांइतका. यार्डात शंटिंग करताना इंजिन माणसाच्या चालीने सरकते, तो हा वेग.

आता डब्ल्यूपीचेच गणित करू. तिचे चालक चाक ५ फूट ७ इंचांचे, एचओमध्ये साधारण १९.६ मिलिमीटर. परीघ साडेएकसष्ट मिलिमीटर. म्हणजे एका मीटरमध्ये चाकाचे सोळा फेरे, आणि एक फेरा पुरा व्हायला पावणेचार सेकंद. गिअरबॉक्स ३०:१ असेल तर मोटर मिनिटाला पाचशेहून कमी फेरे घेत आहे. हेच इंजिन ताशी शंभर किलोमीटरच्या प्रमाणात धावले, तर मोटर मिनिटाला सव्वानऊ हजारांच्या पुढे गेलेली असते. एकाच मोटरकडून आपण एकोणीसपट अंतराच्या दोन टोकांवर काम मागतो. गिअरचे प्रमाण वाढवले तर हळू चाल सुधारते, पण वरच्या टोकाला मोटर किंचाळू लागते. तीन पोलांची मोटर पाचशे फेऱ्यांना झटके देते. पाच पोलांची, तिरप्या खाचा पाडलेल्या आर्मेचरची मोटर तेच काम सलग करते. मालगाडीचे इंजिन आणि मेलगाडीचे इंजिन यांना एकच गिअरबॉक्स बसवणारा उत्पादक खर्च वाचवतो आणि दोघांपैकी एकाची चाल बिघडवतो.

पावणेचार सेकंदांच्या फेऱ्याचा आणखी एक उपयोग आहे. या वेगाला दोष स्वतःहून बोलतो. प्रत्येक फेऱ्यात एकदा, त्याच जागी इंजिन अडखळत असेल, तर कपलिंग रॉड, क्वार्टरिंग (दोन बाजूंच्या क्रँकमधला कोन) किंवा आसावरचा गिअर तपासा. अडखळणे त्याहून बरेच जलद, थरथरीसारखे असेल, तर वर्म आणि मोटर पाहा. आणि त्याला काही ताल नसेल, कधी इथे कधी तिथे असेल, तर दोष बहुधा यंत्राचा नाही, विजेच्या वाटेचा आहे.

या विजेच्या वाटेवरच आम्हाला सर्वांत जास्त जोर द्यायचा आहे. फ्लायव्हील बसवले की अडखळणे जाते, हा समज जाहिरातींनी पक्का केला आहे. फ्लायव्हीलमधली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग एकोणीसपट कमी झाला, की साठवलेली ऊर्जा साडेतीनशेव्या हिश्शाहूनही कमी उरते. गाडी भरधाव असताना, जेव्हा मदतीची गरजच नसते, तेव्हा फ्लायव्हील भरलेले असते. सांध्यावरून सरपटताना ते जवळजवळ रिकामे असते. त्यात वर्म गिअर उलट फिरत नाही. वीज तुटली की चाके जागच्या जागी जखडतात. डीसीसीमधल्या, म्हणजे डिजिटल नियंत्रणातल्या, कपॅसिटरचे तसे नाही. रुळांवर दाब कायम पूर्ण असतो, म्हणून तो सावकाश चालीतही भरलेला राहतो आणि मेलेला फ्रॉग, म्हणजे सांध्यातला बिनविजेचा तुकडा, पार करून देतो. साध्या डीसीवर मात्र हळू चालवताना रुळांत जेमतेम दोन-तीन व्होल्ट असतात. तिथे कपॅसिटर काय साठवणार?

तरीही कपॅसिटर हा आजारावरचा लेप आहे. मुळात चाक रुळाला टेकले पाहिजे. सहा चाकांची ताठ चॅसी, कितीही काटेकोर बनवली तरी, प्रत्यक्ष रुळांवर तीन, फार तर चार चाकांवर भार टाकते. तीन बिंदूंनी पातळी ठरते, बाकीची चाके केसभर वर राहतात. पुढची बोगी स्प्रिंगने दाबलेली असेल तर ती चालक चाकांचाच भार उचलते. एखाद्या चाकाला रबरी टायर असेल तर ते ओढते, पण वीज घेत नाही, आणि झिजून रुळावर मळ सोडते. म्हणजे कागदावर सहा चाकांचे पिकअप असलेले इंजिन एखाद्या क्षणी प्रत्येक बाजूला एकेका चाकावर जगत असते. त्या एका चाकाखाली प्लॅस्टिकचा फ्रॉग आला, धुळीचा कण आला, की इंजिन थांबले.

या बाबतीत जर्मनीच्या मेर्क्लिनने फार पूर्वी घेतलेला निर्णय अभ्यासण्यासारखा आहे. रुळांच्या मधोमध स्लीपरवर बारीक खुंट्या, इंजिनाच्या पोटाखाली लांब पट्टी, आणि दोन्ही रूळ मिळून एकच ध्रुव. पट्टी एकाच वेळी एकाहून अधिक खुंट्यांवर असते, आणि परतीची वीज कुठल्याही बाजूचे कुठलेही चाक घेऊ शकते. खुंट्यांची रांग डोळ्यांना खुपते हे खरे आहे, आणि दोन रुळांच्या मार्गावरून आपण कुणी आता तिकडे वळणार नाही. पण त्या गाड्या जुन्या, मळक्या रुळांवरही का चालतात याचे उत्तर मोटरच्या दर्जात नसून संपर्काच्या संख्येत आहे. आपल्याला ती संख्या टेंडरमधून मिळवता येते. टेंडरच्या सहा-आठ चाकांवर पिकअप नसलेले इंजिन या काळात कुणी का विकावे, हे आम्हाला समजत नाही.

टेंडरची गोष्ट निघाली म्हणून: १९७० आणि ८० च्या दशकांत हॉर्नबीच्या अनेक इंजिनांत मोटर टेंडरमध्ये असे, युरोपात फ्लाइशमानसारख्या कंपन्यांनीही तो मार्ग वापरला. टेंडरमध्ये जागा भरपूर, ओढही चांगली. पण मग इंजिनाची चालक चाके नुसती ढकलली जातात. रॉड थोडे जड गेले की चाके फिरायची थांबून घसरतात. वाफेच्या इंजिनाला याहून मोठा दोष कोणता असेल? हॉर्नबीने २००० साली मर्चंट नेव्ही वर्गाच्या मॉडेलमध्ये मोटर पुन्हा बॉयलरखाली आणली, आणि ब्रिटिश मॉडेलांच्या चालीची अपेक्षा तिथून वर गेली. 

स्वतः चॅसी बांधणाऱ्यांसाठी एवढेच. क्वार्टरिंग बरोबर ९० अंशांचे आहे की ८९ चे, याने चालीला फरक पडत नाही. सगळ्या आसांवर ते सारखे असले पाहिजे. चौकोनी टोकांच्या आसांवर बसणारी रॉमफर्ड पद्धतीची चाके हे काम आपोआप करतात. दाबून बसवायच्या चाकांना जिगची गरज लागते. रॉडच्या भोकांमधले अंतर आणि आसांमधले अंतर जुळत नसेल तर भोके मोठी करण्याचा मोह होतो. एका भोकाला किंचित मोकळीक द्यावी, सगळ्यांना दिली तर दोष फक्त लपतो. आणि ज्यांचे हात पुरेसे बसले आहेत त्यांनी झुलत्या आसांची, म्हणजे कॉम्पेन्सेटेड चॅसी एकदा तरी बांधावी. ब्रिटनमध्ये १८.८३ मिलिमीटरच्या पी-फोर गेजवाल्यांनी ती प्रथम बारीक फ्लॅंज रुळावर टिकावी म्हणून स्वीकारली, पण तिचा खरा लाभ सहाही चाके रुळाला टेकण्यात आहे. तो १६.५ मिलिमीटरवरही तितकाच मिळतो.

विश्वासार्हता ही चालीहून वेगळी गोष्ट आहे. पहिल्या दिवशी लोण्यासारखे चालणारे इंजिन वर्षाने कसे चालते, हा तिचा प्रश्न. ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयात गाय विल्यम्स यांनी बांधलेली इंजिने वर्षानुवर्षे प्रेक्षकांसमोर धावत आली. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून प्रेक्षकांना गाड्या चालवून दाखवते. खेळ ठरलेल्या वेळी सुरू करायचा असतो, तिथे ‘थांबा, जरा चाके पुसतो’ म्हणता येत नाही. अशा ठिकाणी इंजिनाचा कस लागतो. घरातल्या लेआउटवर त्याहून कठीण एक परीक्षा असते आणि ती महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे: उन्हाळ्याची धूळ आणि मग पावसाळा. जूनमध्ये कपाटात ठेवलेले इंजिन ऑक्टोबरात काढले, की तेल घट्ट झालेले, पिकअपच्या पट्ट्या काळवंडलेल्या, लाकडी पाया फुगून रुळांचे जोड उचललेले. तेल कमी घाला, हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. जास्तीचे तेल आसावरून चाकाच्या कडेला येते, तिथून रुळावर, आणि धूळ त्यावर बसते. रूळ खरखरीत रबराने घासू नका. पडलेल्या ओरखड्यांत मळ भरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरते.

एका दोषावर मात्र इलाज नाही. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली, तर ओतीव चॅसी काही वर्षांनी आतून फुगते, वाकते, तडकते. इंजिन एकदाही न चालवता खोक्यात जपले तरी. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मॉडेलांत हे सर्रास घडले, आणि अलीकडच्या काही उत्पादनांतही दिसले आहे. जुने इंजिन विकत घेताना बॉडी काढून चॅसी सरळपट्टीला लावून पाहावी. विक्रेता बॉडी काढू देत नसेल तर व्यवहार करू नये.

आता आमची पद्धत. प्रत्येक इंजिन आधी दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास रिकामे चालवले जाईल. मग साध्या डीसीवर एक मीटरची कसोटी होईल, डिकोडर असल्यास तो काढून. याचे कारण आहे. आजचे डिकोडर मोटरचा उलटा दाब मोजून वेग स्थिर राखतात. रॉड कुठे अडत असेल तर ते तिथे जास्त करंट ढकलून दोष झाकतात, मोटर तापते आणि खरेदीदाराला काही कळत नाही. डीसीनंतर तीच कसोटी डीसीसीवर, कपॅसिटर तोडून आणि जोडून. मग प्लॅस्टिक फ्रॉगचा सांधा, दोन्ही वाटांनी. मग चढावर डबे. चालक चाकांवर किती ग्रॅम भार पडतो ते वजनकाट्यावर मोजून छापले जाईल, कारण ओढ त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या फार पुढे जात नाही आणि ‘दमदार मोटर’ या शब्दांना त्यापुढे अर्थ उरत नाही. शेवटी इंजिन महिनाभर कपाटात राहील आणि न पुसता, न तेल घालता पुन्हा रुळावर येईल. या शेवटच्या फेरीचा निकाल पुढच्या अंकात येईल, त्यामुळे परीक्षण दोन भागांत वाचावे लागेल. तेवढा धीर वाचकांनी धरावा.

ही कसोटी वाचकांनीही आपापल्या इंजिनांवर घ्यावी. स्टॉपवॉच आणि मीटरपट्टी पुरे. निकाल कळवताना इंजिनाचे वय, गिअरचे प्रमाण माहीत असल्यास ते, किती चाकांवर पिकअप आहे आणि शेवटचे तेल कधी घातले, हे जरूर लिहा. न उतरलेल्या इंजिनांचे निकाल आम्हाला अधिक हवे आहेत. दुरुस्तीनंतर एखादे इंजिन उतरले असेल, तर नेमके काय केले तेही लिहा. दिवाळी अंकात यांतली काही पत्रे आकृत्यांसह छापण्याचा विचार आहे. पत्रे भाद्रपद संपायच्या आत पोचावीत.