भाऊबीजेला आईचं खातंही बघा

इंदूरहून उज्जैनला जाताना वाटेत सांवेर लागतं. उलट्या हनुमानाच्या दर्शनाला थांबणाऱ्यांना ते चांगलं माहीत असतं. इथल्या, होळकरांच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या मराठी घरांतली पुढची पिढी आज नोकरीसाठी पुण्याला, बेंगळुरूला, अमेरिकेत असते. दिवाळीत मात्र घर भरतं, आणि घराबरोबर फोनही भरतात.

रांगोळ्या, फराळाची ताटं, नातवंडांच्या फुलबाज्या असं सगळं टिपून होत नाही तोच आईच्या फोनवर ‘स्टोरेज भरलं’ असा निरोप येतो. मग घरातलं कोणी तरी तरुण जुने फोटो भराभर उडवू लागतं. गूगल फोटोज्‌मध्ये बॅकअप घेतलेला फोटो फोनवरच्या त्याच ॲपमधून काढला की तो क्लाउडमधूनही जातो. कचरापेटीत तो ६० दिवस राहतो, पण तिकडे बघणार कोण? म्हणून आधी हात आवरावा.

गूगलच्या प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते. तीत मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळंच आलं. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही. जागा संपली की नुसते फोटो अडत नाहीत, मेल येणंही थांबतं. बँकेचं स्टेटमेंट आणि विम्याची आठवण याच पत्त्यावर येत असते, याचा विसर पडू नये.

गूगलकडून पैसे भरून घेतलेली जागा कुटुंबगट करून एकाला आणखी पाच जणांशी वाटून घेता येते. तरीही मुलगा आपल्यापुरते पैसे भरतो, मुलगी आपल्यापुरते, आणि आईवडील मात्र फुकटच्या जागेत कोंडलेले. हे पैशांपेक्षा मनाला लागणारं आहे. एकमेकांचे फोटो दिसतील ही भीती निराधार आहे. कोणी किती जागा वापरली एवढंच कळतं, आत काय आहे ते नाही. अडचण अमेरिकेतल्या मुलाची, कारण या कुटुंबगटात सगळे एकाच देशातले लागतात. गटही विचारपूर्वक निवडावा. एकदा बदलला की पुन्हा बदलायला बारा महिने थांबावं लागतं. आणि ज्याच्या कार्डावर हे चालतं त्याचं कार्ड बदललं, पैसे कटले नाहीत, तर सहाही जणांची वाढीव जागा जाते. कार्ड कुणाचं, हे घरात सर्वांना ठाऊक हवं.

आम्हाला खरी काळजी वाटते ती मात्र जुन्या खात्यांची. आईचा पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा जीमेल खातं मोबाइलच्या दुकानदारानंच काढून दिलं. पासवर्ड त्यानं टाकला, रिकव्हरीला नंबर दिला तो पुढे बंद पडलेल्या सिमचा. दुसरा फोन आला तेव्हा जुनं उघडेना, म्हणून नवं खातं काढलं. पहिल्या नातवाचं बारसं, आजोबांची पंचाहत्तरी, सगळं त्या जुन्या खात्यात राहिलं. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकतं. डिसेंबर २०२३ पासून हा नियम अमलात आहे. इशारा येतो, पण त्याच खात्यावर आणि रिकव्हरीच्या पत्त्यावर. तिथे तर कोणीच पोचत नाही! दोन खाती जोडून एक करण्याची सोयही गूगलनं ठेवलेली नाही. जुन्यातलं सगळं उतरवून घेऊन नव्यात भरणं, एवढाच मार्ग उरतो.

त्यात वेळ जातो, धीर लागतो आणि आई शेजारी बसलेली असावी लागते. जुना फोन बहुधा कपाटात असतोच. तो चार्ज केला तर पुष्कळदा खातं त्यात अजून उघडं असतं. फॉरमॅट करून मोलकरणीला किंवा भंगारात देण्याआधी तो एकदा चालू करून बघावा. आपल्या पश्चात खात्यातला डेटा कोणाला मिळावा, हेही गूगलच्या सेटिंगमध्ये आधी नोंदवता येतं. वडिलांशी हा विषय काढणं जड जातं, तरी काढावा.

हे काम फोनवरून सांगून होत नाही, ओटीपी विचारता विचारताच अर्धा तास जातो. तेव्हा यंदा ओवाळून झालं की भावाबहिणींनी आईचे दोन्ही फोन घेऊन बसावं. आधी जुनं खातं उघडावं, रिकव्हरीला स्वतःचा चालू नंबर घालावा, मग आईवडिलांना आपल्या गटात घ्यावं. खात्यांची नावं आणि पैसे कोण भरतं ते बँकेच्या पासबुकाशेजारी कागदावर लिहून ठेवावं, आणि मगच परतीच्या गाडीत बसावं.